सोन्याची चिडिया

सुंतेची गोष्ट माझ्यासारखी कुणी सांगत नाही. असं खामगावातले आमचे सगळे लग्नमांडव म्हणतात, मी काय म्हणणार! जेवणं उरकली की कुणीतरी हाळी देतं, "चाचा, होऊन जाऊ द्या!" मी थोडे आढेवेढे घेतो आणि खुर्चीवरून उठतो.

मी पाच वर्षांचा. अंगात नवा कुर्ता, गळ्यात हार, तोंडात बत्तासा. मला वाटलं, यंदा ईद लवकर आली. अब्बांनी मला मांडीवर घेतलं आणि माझे दोन्ही गुडघे घट्ट धरले. समोर सुंता करणारा न्हावी, नव्या जावयासारखा गोड हसत. त्यानं आढ्याकडं बोट केलं, "वो देख बेटा, सोने की चिडिया!" इथं मी बोट वर करतो आणि अख्खा मांडव वर बघतो. पिकल्या दाढीचे लोक, आपापली चिडिया कधीच बघून बसलेले, तेही बघतात! मग मी किंकाळी फोडतो. हशाच हशा.

माझी मुलगी ही गोष्ट ऐकतच मोठी झाली. मागच्या वर्षी ती पहिल्या बाळंतपणाला माझ्याकडं आली, मुलगा झाला. आठव्या दिवशी तिची सासू आली.

"ल्हान हाय तवरच उरकून घेऊ. लवकर भरते, ध्यानातही राहत नाही."

"मले नाही करायची," मुलगी म्हणाली.

"काऊन वं?"

"त्याले समजू द्या. मंग त्यालेच विचारू."

"हाव, मिशा फुटल्यावर विचारजो! तवा कोन हो म्हनीन?"

"नाही म्हणला त नाही."

जावई बिचारा मध्ये सापडला. "माही सातव्या वर्षी झाली," तो म्हणाला, "अजून आठवते. म्हणूनच म्हणतो, आत्ता करू." मुलगी म्हणाली, तुम्हाला आठवतं म्हणून त्याला कळूच द्यायचं नाही का? डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, तब्येतीसाठी घाई नाही, आईबापांनी मिळून ठरवा. 'मिळून' तेवढं विहीणबाईंना ऐकू आलं नाही.

मग मुलगी माझ्याकडं वळली. "अब्बा, तुम्ही सांगा. गोष्ट नका सांगू. काय झालतं ते सांगा."

नकला काढून टाकल्या तर गोष्ट फार लहान निघाली. दुखलं, आणि ज्याच्या मांडीवर निवांत बसावं त्यानंच धरून ठेवलं होतं. इतकीच. ती माझ्या जिभेवर आली होती. मी म्हणालो, "मले त बत्तासा भेटला, बाप्पा!" सगळे हसले. मुलगी हसली नाही.

दोन दिवसांनी विहीणबाई माझ्या गाद्या भरायच्या दुकानात आल्या. कापसाच्या ढिगाशेजारी बसून हळूच म्हणाल्या, "चाळीस दिवस बाळंतीन उंबरठ्याबाहीर येत नाही. तुम्ही आजोबा. तुम्ही पोराले नेलं त कोन पुसते? नाही त मग तिले इथंच ठेवा."

शेवटचं वाक्य त्या हसत म्हणाल्या. मला मात्र रात्रभर झोप आली नाही. लेकीचा संसार मोडेल या भीतीनं मी गेलो, असं मी स्वतःला सांगतो. मांडवात सांगण्यासारखं नाही ते.

सकाळी बाळाला दुपट्यात गुंडाळलं. "वजन करून आणतो," मी मुलीला म्हणालो. तिनं त्याचं टोपडं नीट केलं. "उन्हातून नका नेऊ," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या एका दवाखान्यात जावई थांबला होता. ऐन वेळी त्याला बघवेना, तो बाहेर गेला. गुडघे मी धरले. दोन बोटांत मावले. सवयीनं मी वर बघितलं, तिथं पंखा होता. बाळाला चिडिया दाखवायची गरज नव्हती. ती मी घरी त्याच्या आईला दाखवून आलो होतो.

परतलो तेव्हा मुलगी दारातच, उंबरठ्याच्या आत उभी.

"किती भरलं?"

आणि मी, मांडव गाजवणारा, काय म्हणालो माहीत आहे? "जरासं कमी भरलं!"

तिनं दुपटं उघडलं. बाळ घेतलं आणि आतली कडी लावली.

जखम आठवड्यात भरली. विहीणबाईंनी मोहल्ल्यात लाडू वाटले. संसार शाबूत आहे. नातू आता दुडुदुडु चालतो, मला बघितलं की हात पसरतो. परवा मी म्हणालो, "चाल बे, कोपऱ्यावरून बिस्कीट आणू." त्यानं माझं बोट धरलं.

चार दिवस माहेरी आलेली मुलगी भाकरी करत होती. तिनं तवा उतरवला, हात धुतले, आणि माझ्याकडं न बघता चपला घातल्या.

"मी पण येते," ती म्हणाली.