हिरड्यांच्या डॉक्टरांचं खरं

खरं बोलून स्वतःचा धंदा बुडवायची विद्या सोलापुरात एकाच माणसाला पुरती साधली आहे, आणि तो माणूस म्हणजे शुक्रवार पेठेतले आमचे हिरड्यांचे डॉक्टर. हिरडी सुजून दात हलायला लागला की ते ती उघडून साफ करतात आणि आत एक महागडं जेल सोडतात. पण त्याआधी पेशंटच्या कानाशी वाकून विचारणार, "डुकराच्या पिलाच्या कोवळ्या दातातनं काढलेलं असतंय बघा हे. चालतंय का?" आता पेठेत निम्मे लिंगायत, गळ्यात लिंग आणि घरात अंडंसुद्धा वर्ज्य. एक व्यापारी तर छातीवरच्या रुमालासकट खुर्चीतून उतरले ते थेट चौकात. दुसऱ्या दिवशी रुमाल इस्त्री होऊन परत आला, व्यापारी काही आले नाहीत.

जेलचं कौतुक मात्र त्यांनीच करावं. चिठ्ठीच्या पाठीवर गोल काढून ते पांढऱ्या पेशी दाखवतात. "जखम झाली की ह्या जंतू मारायला धावत्यात. पण काही येळा ह्यांचं भांडण थांबतच न्हाय, मग आपलंच हाड झिजतंय. जेलमधली प्रथिनं त्यास्नी म्हणत्यात, बास की आता, बांधायला लागा." पेशंटचा चेहरा जरा उजळला की लगेच पुढचं खरं: "प्रयोगशाळेत काचेच्या बशीत ऐकत्यात. तोंडात ऐकतीलच असं न्हाय."

मी त्यांची थट्टा करायचो. मग वहिनींचे, म्हणजे त्यांच्या बायकोचे, दात हलू लागले आणि थट्टा संपली. डॉक्टरांनी घरातही तोच प्रश्न विचारला. वहिनींनी कानडीत एका शब्दात निकाल दिला, "ब्याड!" म्हणजे नको.

"अहो, न सांगता सोडा की," मी त्यांना बाजूला घेऊन म्हणालो. "कुणाला कळणार आहे?"

त्यांनी खरंच सिरिंज भरली होती. नंतर मला म्हणाले, "तिनं डोळं मिटून तोंड उघडलं. काय भरलंय म्हणून इचारलंबी न्हाय हो." जेल बेसिनमध्ये गेलं. वर्षभरात वहिनींचे दात गेले, कवळी हिरड्यांना सोसेना. जेलनं दात वाचले असते का, हे डॉक्टरांनाही ठाऊक नाही, आणि तेच त्यांना आतून खातं.

गेल्या आठवड्यात त्यांच्याकडे जेवायला होतो. माझ्या ताटात कडक भाकरी आणि शेंगाचटणी. वहिनींची भाकरी आमटीत भिजत होती, आणि बत्तीस दात शाबूत असलेले डॉक्टरही आपली भाकरी भिजवत बसले होते. वहिनी पाणी आणायला उठल्या तेव्हा मी कारण विचारलं.

"कडक चावली की आवाज होतोय," ते हळूच म्हणाले. "तिला ऐकू जातंय की."

हातातला तुकडा मी आमटीत बुडवला आणि तो मऊ होईपर्यंत थांबलो.