टाकीतलं एरंडेल

माझा स्वभाव आधीच तापट, त्यात घायकुतीचा. जे व्हायचं ते आत्ताच्या आत्ता झालं पाहिजे. ह्या स्वभावापायी मी एकदा आमच्या जीपगाडीला एरंडेल पाजलं होतं.

साठ सालानंतरची दोन-चार वर्षं असतील. आमचे मालक लष्करातली ड्रायव्हरकी संपवून विट्याला परत आले आणि लिलावातली एक म्हातारी जीप घेऊन सांगलीपर्यंत माणसं ने-आण करायला लागले. लग्नाला आठ वर्षं झालेली. त्यांतले सगळे मिळून आठ महिनेसुद्धा ते माझ्या वाट्याला आले नव्हते. आता रोज संध्याकाळी घरी यायचे, चुलीपुढं बसून गरम भाकरी खायचे. मला त्याचंच लय अप्रूप होतं.

पण जीप चढाला धापा टाकायची. इंजिन खडखडायचं. "आत काजळी धरलीया," ते म्हणायचे. दर सोमवारी सांगलीहून आणलेलं कसलंसं औषध टोपणानं मोजून पेट्रोलच्या टाकीत ओतायचे, तान्ह्या पोराला गुटी द्यावी तसं. मला त्या डबीला हात लावू द्यायचे नाहीत. गुण तर काही दिसेना. त्यातच मुंबईच्या एका कारखान्याचं पत्र आलं, ड्रायव्हर पाहिजे म्हणून. ते त्यांनी फाडलं नाही, खिशात ठेवलं. "ह्या म्हैन्यात गाडी सुधारली तर ठीक, न्हाईतर जावं लागंल," एवढंच बोलले.

मला कुठला महिनाभराचा धीर! म्हटलं, टोपणभर औषधानं काय होणार, कपाळ! आमच्या घरात पोट बिघडलं की एरंडेल, मग तो सासरा असो की वासरू. इंजिनाचंही पोटच की! दुसऱ्या दिवशी सकाळी ते अंघोळीला गेले, तशी मी एरंडेलाची अख्खी बाटली टाकीत रिकामी केली.

गाडी माणसं भरून निघाली ती जेमतेम वेशीपर्यंत गेली. मागं पांढरा धूर, साऱ्या पेठेत एरंडेलाचा वास. मग आचके देत बंदच पडली. बसलेल्या माणसांनीच ढकलत परत आणली. त्यांतला एक म्हणाला, "गड्या, गाडीला जुलाब झालं काय रं?" सगळे खो खो हसले. मी दारात उभी, तोंडावर पदर.

माणसं पांगल्यावर मालकांनी टाकीचं झाकण काढून हुंगलं आणि माझ्याकडं बघितलं.

"का ओतलंस?"

"तुमी परत जाऊ नये म्हणून!" मी ओरडलेच, आणि वर रडायलाही लागले. "आवं, आठ वर्सं वाट बघितली मी. आता न्हाई जमायचं मला. जायचं तर खुशाल जावा, पर मला इचारून जावा!"

 त्यांनी टाकी रिकामी करून धुतली, मग अंगणातच इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं जाड झाकण, उघडलं. आत तव्याच्या बुडासारखी जाड काजळी. "इतकी जुनी औषधानं निघत न्हाई," ते हळू आवाजात म्हणाले. "आधी खरवडायची, मग परत धरू नये म्हणून औषध. गाडी दोन दिस उभी ठेवायला नको, म्हणून मीच टाळत हुतो." लोखंडानं चरे पडतात म्हणून त्यांनी बांबूच्या दोन कामट्या तासल्या. एक माझ्या हातात दिली. कढया घासण्यात माझा हात धरणारं गावात कोणी नव्हतं. दोन दिवस आम्ही समोरासमोर बसून खरवडत होतो. एवढा वेळ दोघं एका जागी लग्नानंतर कधी बसलोच नव्हतो.

पहिल्याच दिवशी काजळी अंगणभर उडायला लागली, तेव्हा खाली धरायला कागद हवा होता. मी उठणार, तोच त्यांनी खिशातलं मुंबईचं पत्र काढलं आणि उलगडून माझ्यापुढं पसरलं.

"ह्याच्यावर टाक."

मी बघतच राहिले.  मग त्यांनीच आपल्या कामटीवरची पहिली काजळी त्यावर झटकली. संध्याकाळपर्यंत त्यातलं एक अक्षर दिसत नव्हतं. पुरचुंडी करून ते उकिरड्यावर टाकून आले, हात धुतले आणि औषधाची डबी माझ्या ओंजळीत ठेवली.

"हितनं म्होरं दर सोमवारी तू ओतायचं," ते म्हणाले, "पर एकच टोपण."