मागची सरळ आहेत

क्रेनच्या यार्डात त्याला सगळे प्रेशर म्हणत. तोंडावर म्हणायची हिंमत मात्र फक्त म्हाताऱ्या मिस्त्रीची. राग त्याच्या नाकावर बसलेलाच असे. चहा गार मिळाला तर तो कपाबरोबरसुद्धा भांडायचा. पण अलीकडे त्याचा सगळा राग एकाच माणसावर जमा झाला होता, सख्ख्या धाकट्या भावावर.

दोघे एकच क्रेन चालवत. दिवसा हा, रात्री धाकटा. भांडणाचं कारण आई. हा कामावर असताना धाकट्याने तिला आपल्या घरी नेलं. हा घरी येऊन बघतो तर खाट रिकामी, काठी नाही, औषधांचा डबा नाही. "सामान उचलावं तसं उचललं माझ्या आईला," तो बायकोपाशी ओरडला, आणि त्या दिवसापासून धाकट्याशी अबोला धरला.

घरात अबोला खपतो. क्रेनवर खपत नाही. स्टिअरिंग फिरवणाऱ्याला वाटतं आपणच चाकं वळवतोय. पण स्टिअरिंग आणि चाकं जोडणारा दांडाच तिथे नसतो. स्टिअरिंगखाली एक व्हॉल्व्ह असतो. तो उघडला की पंपाने दाबलेलं तेल नळीतून सिलिंडरमध्ये शिरतं, पिस्टनला ढकलतं, आणि छातीइतकं उंच चाक दोन बोटांनी वळतं. मागच्या चाकांना वेगळा सिलिंडर, वेगळा खटका. अडचणीच्या कोपऱ्यातून निघताना तीही वळवायची. मात्र खटका सोडला की तेल आत कोंडतं आणि मागची चाकं असतील तशी अडकून बसतात. तुम्ही स्टिअरिंग कितीही सरळ धरा, क्रेनची शेपूट आपल्या वाटेने जाणार. ती चाकं सरळ असल्याचा हिरवा दिवा कधीचाच बंद पडला होता. म्हणून यार्डाचा रिवाज असा, की उतरणाऱ्याने चढणाऱ्याला तोंडाने सांगायचं, "मागची सरळ आहेत." नसतील तर तसं सांगायचं.

अबोला धरल्यापासून हे सांगणं बंद होतं. तरी निभावलं, कारण चढण्याआधी प्रेशर क्रेनभोवती एक चक्कर मारायचा.

त्या सकाळी धाकटा उतरला आणि क्रेनच्या मागच्या नळावर हात धुऊ लागला. चक्कर मारायची तर त्याच्या अंगावरून जायला हवं. "सकाळी सकाळी याचं तोंड कोण बघणार," असं पुटपुटत प्रेशर थेट केबिनमध्ये चढला.

शेडच्या भिंतीशी मिस्त्री उकिडवा बसून फिल्टर धूत होता. क्रेन निघाली. प्रेशरची नजर पुढे, स्टिअरिंग सरळ, आणि शेपूट मात्र तिरकी होत भिंतीकडे.

"थांबव! दादा, थांबव!" नळावरून धाकटा ओरडला.

ब्रेक लागला तेव्हा मिस्त्री उडी मारून शेडच्या दारात आडवा पडला होता, धडधाकट. त्याची बादली चाक आणि भिंत यांच्यामध्ये चेपून चपटी झाली होती.

"मागची वळलेली ठेवून उतरलास?" प्रेशर केबिनमधूनच गरजला.

"तू रोज बघतोस ना? आज काय झालं?"

"सांगायला जीभ झडली होती?"

"तू ऐकणार होतास?"

मिस्त्री कपडे झटकत उठला. "वा! माझा जीव जायला आला तेव्हा बरे गळे मोकळे झाले तुमचे. नीट ऐका. अबोला घरी ठेवून यायचा. इथे ते वाक्य रोज बोलायचं, माझ्या कानावर पडेल असं. नाहीतर मालकाला सांगून दोघांनाही केबिनमधून उतरवतो."

दिवसभर प्रेशर धुमसत होता. धाकट्यावर, मिस्त्रीवर, त्या मेल्या दिव्यावर. आपण चक्कर का मारली नाही, याचाही राग होता. पण तो कुणावर काढावा ते त्याला कळेना.

संध्याकाळी त्याने मागची चाकं सरळ केली, उतरून वाकून पाहिली. समोर धाकटा. पलीकडे मिस्त्री, चेपलेली बादली मांडीवर घेऊन बसलेला.

"मागची सरळ आहेत," प्रेशर म्हणाला. शिवी हासडावी तसा.

"ऐकलं." धाकट्याने शिडीवर पाय ठेवला आणि तिथेच थांबला. "दादा, आई रोज तुझं विचारते."

"मी चाकांबद्दल बोललो."

"तीच मला म्हणाली होती, 'धाकट्या, मला तुझ्या घरी ने.' तुझ्या आरडाओरड्याने तिच्या छातीत धडधडतं. हे तुझ्या तोंडावर कोण सांगणार होतं?"

प्रेशरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "खोटं! तिला काही सांगायचं असतं तर तिने मला सांगितलं असतं!"

"मग जा की, विचार तिलाच!"

"जातोच!"

तो तरातरा निघाला. स्वतःच्या गल्लीपाशी वळला नाही. धाकट्याचा जिना धाडधाड चढला, आईला काय काय सुनवायचं ते जुळवत. मला न सांगता गेलीस? मी काय परका? दारासमोर त्याने मूठ उगारली.

आतून आईचा खोकला ऐकू आला. मूठ तशीच वर राहिली.

मग त्याने एका बोटाने कडी वाजवली, अगदी हळू. राग तसूभरही कमी झाला नव्हता.