कौसल्येचा वाटा

जे आता लिहितोय ते माझ्या तोंडातून कधी बाहेर पडलेलं नाही. दारूच्या भरात नाही, तापातही नाही — तापात मी दात आवळून पडून राहायचो, बरळलो तर काय, या धास्तीनं. आत्ताही लिहिता लिहिता दोनदा उठून दाराकडं बघून आलो. माझ्या आवाजाला बाजारात भलेभले दबकतात. आणि मी घाबरतो कुणाला — तर स्वतःच्या पोरीला? हो. तिलाच.

आधी मी कोण, ते सांगतो. ते सोपं आहे, कारण ते मी जन्मभर सांगत आलोय. बापाच्या मेंढरांमागं फिरत वाढलो. सातवीत शाळा सुटली. छावणीत गुरुवारी भरणाऱ्या गुरांच्या बाजारात एका दलालाच्या हाताखाली म्हशींची दावी धरायला लागलो, आणि पुढं त्याच बाजारात स्वतःची दलाली केली, गोठा टाकला, घर बांधलं. कुणाचा हात डोक्यावर नाही, कुणाचा पैसा अंगावर नाही — हे वाक्य मी किती ठिकाणी म्हटलं असेल? लग्नांत म्हटलं, भांडणांत म्हटलं, एकदा समाजाच्या सत्कारात फेटा बांधून माइकवरही म्हटलं. त्या दिवशी माझी बायको कौसल्या समोर बायकांत बसली होती. माझं वाक्य ऐकून तिनं शेजारणीकडं बघितलं, बघा म्हणावं तसं. ती नजर — पण ते नंतर.

शुभांगी माझी एकुलती एक. कौसल्या आजारपणात गेली तेव्हा पोर दहावीत होती. बारावीला तिनं जाहीर केलं, लॉच्या सीईटीला बसणार, वकील होणार. आमच्या गल्लीतल्या पोरी नर्सिंगला जात होत्या, बँकेच्या परीक्षा देत होत्या. हिला वकिली कुठून सुचली, असं लोक विचारायचे आणि मी छाती काढून हसायचो.

कुठून सुचली ते मला पक्कं माहीत होतं. मीच पेरलं होतं. जेवताना, म्हशी धुताना, सणावाराला — तुझ्या मामानं तुझ्या आईला नागवलं, जमीन विकून खाल्ली, बहिणीच्या हातावर दमडी ठेवली नाही. पोरीनं ते ऐकत ऐकत एखाद्या पोरासारखा राग धरला. तिचं एकच होतं, सनद मिळाली की पहिला दावा मामावर, आईच्या वाट्याचा.

तुम्ही म्हणाल, मग बापाला बरंच वाटत असेल. वाटायचं ना! तिची क्लासची फी मी घासाघीस न करता भरली, आयुष्यात पहिल्यांदा. घरात उकडायचं म्हणून ती गोठ्यातल्या बाजेवर पुस्तकं मांडून बसायची. तिच्या परीक्षेत एक भाग असतो, त्यात आधी कायद्याचा एक नियम देतात, मग एक घडलेली गोष्ट सांगतात, आणि तो नियम लावून उत्तर काढायचं. ती मोठ्यानं वाचायची आणि मी धारा काढता काढता उत्तरं द्यायचो. निम्मी चुकायची.

"अप्पा, तुमचं डोकं चालवू नका," ती म्हणायची. "दिलाय तेवढाच नियम लावा. तुम्ही तर नियमाशीच भाव करायला लागता."

आम्ही हसायचो. ते दिवस चांगले होते, असं म्हणायला जीभ वळत नाही, पण होते.

मग एकदा तिनं घोड्याची गोष्ट वाचली. एक माणूस बाजारात घोडा विकतो. घोडा रोगट आहे हे त्याला माहीत आहे, पण तो गप्प राहतो. घेणारा घेऊन जातो. ही फसवणूक का? मी म्हणालो, कसली फसवणूक? घेणाऱ्याला डोळे नाहीत? दात बघायचे, चालवून बघायचं. विकणाऱ्यानं आपल्या मालाची बदनामी का करावी? ती खूश झाली. बरोबर अप्पा, म्हणाली, निव्वळ गप्प बसणं म्हणजे फसवणूक नव्हे. आणि तिनं पुढचं वाचलं. घेणारी जर विकणाऱ्याची स्वतःची मुलगी असेल, नुकतीच सज्ञान झालेली — मग?

माझा हात म्हशीच्या सडावरच थांबला.

"सांगा ना."

ती वाट बघून स्वतःच म्हणाली, "इथं बापानं बोलायलाच पाहिजे. इथं गप्प बसला तर फसवणूक. नातंच तसं आहे." आणि पान उलटलं. तिच्यासाठी तो एक प्रश्न होता. मी मात्र दुधाची कासंडी तशीच ठेवून बाहेर गेलो. नुकतीच सज्ञान झालेली. तिला अठरा पूर्ण होऊन महिना झाला असेल-नसेल.

त्यानंतर मला तिच्या पुस्तकांची भीती वाटायला लागली. हसू नका. ती बाजेवर बसली की मी काहीतरी काम काढून लांब जायचो. उद्या कोणता प्रश्न येईल? परवा कोणता? पोरगी रोज धार लावत होती, आणि ती धार एक दिवस माझ्याकडंच वळणार, हे मला दिसत होतं. मी विनाकारण ओरडायला लागलो. लाइटबिलावरून, चहात साखर जास्त म्हणून. एकदा तिच्या बाजेवर पाण्याची बादली लाथाडली, पुस्तकं भिजली, ती उन्हात पानं वाळवत बसली. याहून वाईट सांगतो — जालन्याकडचं एक स्थळ आलं होतं, मी जवळजवळ शब्द दिला होता. पोरीचं लग्न लावून टाकावं, म्हणजे पुस्तक बंद. बापाला असं सुचतं? मला सुचलं. ती ठाम राहिली, परीक्षेआधी कुणाचं तोंड बघणार नाही म्हणाली, म्हणून ते टळलं. माझ्या चांगुलपणानं टळलं नाही.

आता ते सांगायला पाहिजे. किती फिरवणार?

कौसल्येचे वडील वारले तेव्हा आमच्याकडच्या बहिणी करतात तसं तिनं जमिनीवरचा हक्क सोडला, भावासाठी. तिचा भाऊ रंगनाथ, तिच्याहून धाकटा. अक्का, तुला मोकळ्या हातानं ठेवणार नाही, जमीन विकली की तुझं तुला देईन, असं तो तिला म्हणाला होता. पुढं बजाजनगरच्या बाजूला प्लॉट पडायला लागले आणि त्यानं एक तुकडा विकला. आणि तो आला — बहिणीकडं नाही, माझ्याकडं, छावणीच्या बाजारात. बहिणीला द्यायचं ते दाजींच्या हातात, अशीच रीत.

आमच्या बाजारात भाव बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि आत बोटं दाबून आकडा सांगायचा. भोवती माणसं उभी असली तरी कुणाला कळत नाही. आणि रुमालाखालचं बाहेर काढायचं नाही, हा बाजाराचा धर्म. रंगनाथ म्हणाला, दाजी, अक्काचं किती द्यायचं ते ठरवू. मी सवयीनं रुमाल काढला. माझ्या बायकोचा वाटा मी म्हशीसारखा ठरवायला बसलो. मी चार बोटं दाबली. त्यानं तीन. मी पुन्हा चार. त्यानं तीनच धरली, आणि धरून ठेवली. शेतात राबलेला हात तो. कितीतरी वेळ आम्ही तसे उभे होतो, आणि शेवटी मी सैल पडलो. ज्या बाजारात मी लोकांना नमवत होतो तिथं मेव्हण्यानं मला नमवलं. तो डंख अजून आहे — हे लिहितानाही वाटतं, चारच होतात, चारच व्हायला पाहिजे होते. बघा माझी दलालाची जात.

त्या संध्याकाळी मी रागानं फणफणत घरी आलो. कौसल्या भाकरी थापत होती. रंगा भेटला का, तिनं विचारलं. आणि मी म्हणालो, भेटला, तुझा काही संबंध नाही म्हणतो, दमडी देणार नाही.

तिचा हात थांबला नाही. फक्त म्हणाली, "रंगा असं म्हणाला?"

"तोंडावर म्हणाला."

रागात बोललो. सकाळी खरं सांगू, असं वाटलं होतं. पण पुढच्याच बाजाराला रंगनाथनं ठरलेले पैसे आणून दिले, एकही नोट कमी नाही. त्यात मी म्हशी घेतल्या. घरी सांगितलं, दलालीत कमावले. शेजारचे बघायला आले, वा म्हणाले. कौसल्येनं म्हशींना ओवाळलं, कुंकू लावलं — स्वतःच्याच पैशाच्या म्हशी, आणि नवऱ्याच्या कर्तबगारीचं कौतुक डोळ्यांत. आता कसं सांगणार होतो? आणि खरं विचाराल तर — सांगायचं होतंच कुठं? मला ते कौतुक आवडलं होतं; सत्कारात शेजारणीकडं बघतानाची तिची नजर हीच.

रंगनाथला मी दुसरंच सांगितलं. अक्का रागावलीय, तू कमी दिलंस म्हणते. त्याला ते खरं वाटलं, कारण तीन बोटं त्याच्याही मनात सलत असणार. दिवाळीला तो आला की ती आतल्या खोलीत जायची. तो ओसरीवर बसून चहा प्यायचा आणि निघून जायचा. भाऊबीजेला कौसल्या अंगणात उभी राहून चंद्राला ओवाळायची. ज्यांना भाऊ नाही त्या बायका ओवाळतात तशी. तिचा भाऊ वीस किलोमीटरवर जिवंत होता. मी दारात उभा राहून ते बघायचो. एकदा नाही, दरवर्षी. मरेपर्यंत तिनं असंच ओवाळलं.

तिच्या दहाव्याला रंगनाथ आला तेव्हा शुभांगी सगळ्यांसमोर त्याच्या अंगावर धावून गेली. आईला रुपया दिला नाहीस आणि आता रडायला आलास? तो तिच्याकडं बघत राहिला, मग माझ्याकडं. तेव्हा त्याला कळलं. पुढच्या गुरुवारी तो बाजारात आला. "दाजी, अक्काला माहीतच नव्हतं?" एवढंच विचारलं. मी त्याचा हात धरून म्हणालो, पोरीची आई नुकतीच गेलीय, दहावीची परीक्षा तोंडावर आहे, आत्ता काही बोलू नको. तो थांबला. मग बारावी आली. मग ही सीईटी. प्रत्येक वेळी मी तिची परीक्षा पुढं केली, आणि प्रत्येक वेळी तो थांबला. पोरीच्या अभ्यासाची ढाल करून बाप मागं लपला होता.

परीक्षेचं केंद्र चिकलठाण्याला, कारखान्यांच्या मधल्या एका इमारतीत होतं. मी तिला गाडीवरून सोडायला गेलो, आणि गेटजवळ रंगनाथ उभा. हातात स्टीलचा डबा. आज बोलतो की काय हा?

"दही-साखर आणलीय माय," तो तिला म्हणाला. "अक्कानं दिली असती."

शुभांगीनं डब्याकडं बघितलं नाही. "मामा, मी आत कशासाठी चाललेय, माहितंय ना? आईचा वाटा काढायला. तुझ्याकडून."

रंगनाथनं माझ्याकडं बघितलं. मी काय केलं असेल? मी हेल्मेटचा पट्टा नीट करत होतो. पट्ट्याला काही झालं नव्हतं.

"काढ माय," तो तिला म्हणाला. "नीट वाचून सोडव. घाई नको करू."

ती आत गेली. त्यानं टपरीवरून दोन चहा आणले. आम्ही भिंतीच्या सावलीला उभे राहून प्यायलो. मग तो म्हणाला, "ही परीक्षाबी आज संपंल, दाजी." मी म्हणालो, निकाल लागू दे. त्यावर तो हसला नाही की चिडला नाही. माझी तयारी भांडणाची होती, आवाजही मी घशात आणून ठेवला होता.

"मी नाय सांगणार आता," तो म्हणाला. "लई उशीर झाला. मी सांगितलं तर तिला मामा मिळंल आन् बाप जाईल. आई तर गेलीच तिची. तुम्ही सांगा, नायतर ऱ्हाऊ द्या."

डबा पिशवीत घालून तो रस्त्याला लागला. मला किती हलकं वाटलं, ते सांगायची लाज वाटते. पण वाटलं.

शुभांगी बाहेर आली ती हसतच. पेपर चांगला गेला होता. तिनं इकडं तिकडं बघितलं.

"मामा गेला?"

"गेला."

"घाबरला ना?"

मी म्हणालो, "हो."

ती आता लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला अजून एवढंच माहीत आहे.