फिलोचे पाय

अँथनीचा फोन आला तेव्हा मी बँकेत होते. "सुमाताई, फिलो गेली गं सकाळी... चर्चमध्ये फोटो ठेवायचाय. हॉकीतला ठेवू की क्रिकेटमधला?" सख्ख्या भावालाही निवडता येत नव्हतं. दोन्ही ठेव म्हटलं आणि रजेचा अर्ज लिहिला. त्याला आता महिना होईल.

अंधेरीच्या आमच्या गावठाणात फिलोमिनाचं घर आमच्या समोरच. हॉकीत ती भारताची गोलकीपर आणि क्रिकेटमध्ये भारताची विकेटकीपर. एका बाईने देशासाठी दोन खेळ खेळावेत, हे मला आजही नीट पचलेलं नाही. लोक म्हणायचे, दोन्हीकडे चेंडूच तर अडवायचा, त्यात काय... पण हॉकीत गोलकीपर चेंडू लाथेने उडवून लावते, क्रिकेटमध्ये तो हातात घ्यायचा असतो. फिलोच्या हातांना हा फरक कळायचा. पायांना कळत नव्हता.

क्रिकेटच्या दुसऱ्याच आंतरराष्ट्रीय सामन्यात ते उघड झालं. हॉकीच्या शिबिरातून ती थेट मैदानावर आली होती. फलंदाजाला चुकवून एक चेंडू खाली राहिला आणि फिलोने सणसणीत लाथ मारून तो सीमेपार धाडला. चार धावा फुकट. अख्खं मैदान हसलं. संध्याकाळी निवड समितीच्या बाईंनी तिला बाजूला घेऊन सुनावलं, "पुढच्या सामन्यात पुन्हा असं झालं तर एक तर हॉकी सोड, नाहीतर आमचा नाद सोड."

मध्ये आठ दिवस होते. फिलोने आईच्या जुन्या लुगड्याची पट्टी फाडून दोन्ही घोटे एकत्र बांधले आणि विहिरीमागच्या भिंतीपुढे उभी राहिली. "टाक गं सुमे, पायावर टाक. दया दाखवलीस तर बघ!" मी रोज सकाळी हात भरून येईपर्यंत चेंडू टाकायचे. पाय उसळायचे, गाठ ओढायची, ती तोंडावर आपटायची. तिची आई दारातून ओरडायची, "लग्नाआधी नाक तरी शिल्लक ठेव गं!"

"नाक कोण बघतंय मम्मी, हात बघ!"

सहाव्या दिवशी ती पडायची थांबली.

सामना मी कुंपणाला चिकटून पाहिला. पाहुण्यांची शेवटची जोडी, जिंकायला चार धावा. फलंदाज पुढे आली, हुकली, आणि चेंडू नेमका फिलोच्या बुटाच्या टोकाकडे घसरत आला. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा बेल्स जमिनीवर होत्या आणि चेंडू तिच्या ग्लोव्हजमध्ये. फलंदाज यष्टिचीत, सामना आपला. पुढे सात वर्षं ती दोन्ही खेळली. कुणी पुन्हा सोड म्हणालं नाही.

"पाय हलले कसे नाहीत गं?" मी नंतर विचारलं.

"हलत होते ना, यार! दिवसभर बुटात बोटं आवळून धरली." तिने बूट काढून दाखवले. दोन्ही अंगठ्यांची नखं काळीनिळी झाली होती.

परवा बँकेतले मोठे साहेब म्हणाले, शाखा सांभाळा किंवा कर्मचाऱ्यांची युनियन, एक काहीतरी ठरवा. मी टेबलाखाली चपलेत बोटं घट्ट आवळली. दोन्ही कामं अजून माझ्याकडेच आहेत.