राखणदाराची डहाळी

मी लिहायला बसणं म्हणजे आगाऊपणाच, माफ करा. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच.

समुद्रालगतच्या जंगलातून मी आणि मित्र महेश सायकलींवरून बंदराकडे निघालो होतो. वळणावर राखणदाराचा, म्हणजे वाट राखणाऱ्या देवाचा, दगड लागला. येणारा-जाणारा तिथे हिरवी डहाळी ठेवतो.

"अरे शिकल्या, लाजतोस काय? माझीपण ठेव!" महेश मागून ओरडला. मी हसून तसाच पुढे गेलो.

पुढे झाडीत पाखरूही बोलेना. मागे महेशच्या सायकलची घंटी तेवढी जंगल संपेपर्यंत वाजत होती. मागे कुणीतरी आहे, एवढ्यावरच माणूस पुढे जात असावा.

बंदरावर महेश आलाच नाही. मी घाबरलो. अखेर फोनला रेंज आली, त्याचा निरोप दिसला: "दगडापाशीच चेन तुटली. दोघांच्या डहाळ्या ठेवून तिथूनच घरी परतलो."