जाऊबाईच्या बोडीतलं निळं

माझ्या थोरल्या जाऊबाईचं आणि माझं कधी भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं, पोटातली जळजळ तरी बाहेर पडली असती. ती गोड बोलायची, मीही गोड बोलायची, आणि दोघींच्या मध्ये तिची बोडी होती.

बोडी म्हणजे शेतातलं लहानसं तळं. आमच्याकडे धानाला पाणी पुरावं म्हणून बऱ्यापैकी घराची एक तरी बोडी असते. स्वातंत्र्यानंतर दोन-तीन वर्षांनी घराची वाटणी झाली तेव्हा ती थोरल्यांकडे गेली आणि बदल्यात आम्हाला दोन बांध्या, म्हणजे धानाच्या शेताचे बांध घातलेले तुकडे, जास्तीच्या मिळाल्या. गावात सगळे म्हणाले, धाकट्यांचं फावलं. माझं काय गेलं ते मलाच ठाऊक.

कमळांचा नाद घरात आधी मी आणला, हे मी आजही शपथेवर सांगेन. खरं तर ती कुमुदं, पण आम्ही सरसकट कमळच म्हणायचो. पांढऱ्याचा कंद मी नागऱ्याच्या तळ्यातून मागवला होता. गडद लाल मिळालं गोंदियाच्या बाजारात, शिंगाडे विकणाऱ्या ढिवरणीकडून. ती हसायची. "फुलाचा गड्डा कायले पायजे वो बाई? शिंगाडे घे, पोट तरी भरंल." तिला काय सांगू? बोटाएवढा तो काळा, केसाळ गड्डा चिखलात दाबायचा, मग एक दिवस पाण्यावर नाण्याएवढं पहिलं पान येतं, आणि त्या पानासाठी मी चुलीवरचं दूध उतू जाऊ दिलेलं आहे.

वाटणीनंतर माझी कमळं गुरांना पाणी पाजायच्या दोन जुन्या नांदींत आली. जाऊबाईची बोडीत पसरली. तिच्याकडे पांढरं होतं, लाल होतं, फिकट गुलाबी होतं, आणि माहेराहून आणलेलं निळं होतं. बाकीची तिची तिला लखलाभ. निळं मला हवं होतं.

पांढरं-लाल सकाळी दहाच्या आत मिटून जातं. निळं मात्र ऊन चढलं की उमलतं, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसायचं तेच. पाहुणे बोडीच्या पाळीवर उभे राहून तोंड भरून कौतुक करायचे, आणि मी त्यांच्यासाठी चहा टाकायला आत जायची. रंग तरी कसा! दुकानातल्या निळीचा भडक नव्हे, पहाटे धुराआडून दिसतो तसला. आत पिवळाधमक गाभा. जळो मेलं ते फूल.

मी कंद मागितला नाही असं नाही. पावसाळ्यात मागितला तर म्हणाली, "आता कसा काढू वो? फुलून राहिला नं." उन्हाळ्यात मागितला तर म्हणाली, "झोपला हाये. झोपेतल्याले कायले उठवतं?" आणि वर काय, श्रावणात रोज एक निळं फूल माझ्या देवासाठी पाठवायची. "फुलं ने नं, पायजे तितके ने." रोज फूल देणाऱ्या बाईला कंजूष तरी कोणत्या तोंडाने म्हणायचं? महादेवाला ते वाहताना माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. देवालाही ते कळत असणार.

मग एका उन्हाळ्यात जाऊबाई भाच्याच्या लग्नाला माहेरी गेली होती आणि इकडे भासऱ्यांनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, कोरड्या बोडीतला गाळ काढायला घेतला. गाळ काढला की उथळ झालेली बोडी खोल होते आणि तो बांधीत टाकला की खताचं काम करतो. त्यामुळे ज्याची गाडी, त्याला गाळ. आमच्या बैलगाडीनेही खेपा केल्या. पुरुषांच्या डोक्यात धान होतं. त्या काळ्या मातीत काय झोपलंय हे कोणाच्याच मनात आलं नाही. खरं सांगते, माझ्याही नाही. मी गड्यांच्या भाकरी थापत होते.

परत आल्यावर जाऊबाई बोडीच्या काठावर बसून रडली; गाळाबरोबर तिचे कंदही गेले होते. मी पाठीवरून हात फिरवला. बोलले चार शब्द बरे, मनात मात्र फुगडी चालली होती.

पाऊस लागला, बांधीत पाणी साचलं आणि रोवणीच्या दिवशी धानाची रोपं लावणाऱ्या बायांनी मला हाक मारली. "बाई, हा कचरा उपटाचा का ठेवाचा?" पाहते तर गोल गोल पानं. मी साडी खोचून चिखलात उतरले आणि म्हणाले, ह्या कोपऱ्याला कोणी हात लावायचा नाही. आमचे हे भडकले. "धान पिकवाचा हाये का फुलं?" मी म्हणाले, दोन्ही. ते तणतणत बैलांकडे गेले, पण कोपरा राहिला.

भादव्यात तिथं निळं उमललं. माझ्या बांधीत, माझ्या मालकीचं. मी दिसेल त्या बाईला हाताला धरून दाखवायला नेलं.

जाऊबाई काही दिवसांनी आली. बांधावर उभी राहिली, म्हणाली, "चांगला फुलला," आणि गेली. तिने कंद मागावा म्हणून मी वाट पाहत होते. उत्तरही तयार होतं, तिचंच, शब्दाला शब्द. पण तिने मागितलाच नाही. आठवडा गेला, पंधरवडा गेला. रोज भेटायची, धानाचं बोलायची, कमळाचं अवाक्षर नाही. माझी झोप उडाली. ज्याच्याकडे पाहून कोणी जळत नाही, ते फूल घेऊन करायचं काय? शेवटी माझाच संयम सुटला. चिखलात हात घालून एक कंद उपटला, पळसाच्या पानात बांधला आणि तिच्या अंगणात जाऊन उभी राहिले.

ती एका नव्या नांदीवर वाकलेली होती. पाण्यावर एक कळी होती, मुठीएवढी, आणि तिची एकच पाकळी जरा सुटली होती. पक्क्या जांभळाच्या गराचा रंग. असा रंग पाण्यावर असतो हे मला माहीत नव्हतं. तिच्या भावाने पाठवला होता कंद.

मी पुडी पुढे केली. "बाई, निळ्याचा कंद आणला."

तिने मान वर केली नाही. कळीवर बसलेला एक किडा हळूच उडवत म्हणाली, "ठेव तिकडं, न्हानीपाशी."

ठेवला. मग तिच्या शेजारी जाऊन वाकले, आणि दुसरी पाकळी सुटेपर्यंत तिथून हलले नाही.

बांधीतलं निळं कार्तिकापर्यंत फुलत होतं, असं धान कापणाऱ्या बाया सांगायच्या. मी बघायला गेले नाही.